वहिनींची वही

या सदरातून मी आजवर बहुधा सुभाषिते, सणवार आणि शाळेतील आठवणी यांविषयीच लिहीत आलो आहे. या वेळी विषय संगणकाचा आहे हे पाहून कित्येक वाचकांस हसू येईल. रूपावली आणि समासचक्र यांवर वाढलेला, मॅट्रिकपुढे न गेलेला, केजसारख्या तालुक्याच्या गावी खडू झिजवून निवृत्त झालेला मास्तर सॉफ्टवेअरवर काय लिहिणार? परंतु ज्या गोष्टीने एका संध्याकाळी घरातील सर्वांच्या माना खाली गेल्या, तिच्याविषयी बोलावयास पदवी लागत नाही, असे मला वाटते.

आमचे कुटुंब जमिनीपुरते व कुलाचारापुरते एकत्र आहे. राहणे मात्र चार ठिकाणी. केजच्या घरी मी, सौभाग्यवती आणि वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी. दादा २०१८ साली कार्तिक वद्य पंचमीस गेले. त्यांचा थोरला मुलगा पुण्यास असतो, धाकटा अमेरिकेत. माझे धाकटे बंधू लातूरला. इतक्या माणसांची सामाईक कामे किती असतात, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस सांगणे नको. शेतसारा, पीकविमा, विहिरीवरील मोटारीचे वीजबिल, वहिनींची औषधे, अंबाजोगाईस योगेश्वरीची ओटी, नवरात्र, चंपाषष्ठी, पितृपक्ष, आणि शिवाय ज्याची त्याची श्राद्धतिथी.

हे सारे पूर्वी एका वहीत होते. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्यास दोन पाने, डावीकडे तिथी व काम, उजवीकडे ते करणाराचे नाव. काम झाले की वहिनी त्यावर पेन्सिलीने बारीक रेघ ओढीत आणि पाडव्यास खोडरबराने सगळ्या रेघा पुसून टाकीत, की वही पुन्हा नव्या वर्षास तयार. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तारखेची कामे त्या भिंतीवरील कालनिर्णयाच्या चौकोनांत, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ती दिनदर्शिका काढल्यापासून महाराष्ट्रातील किती गृहिणींनी तिच्या चौकोनांत संसार मांडला असेल, याची गणती व्हावयास हवी.

२०२० साली टाळेबंदीत सर्वजण आपापल्या जागी अडकले, तेव्हा धाकट्या पुतण्याने सुचविले की, आमच्या कचेरीत चार जण मिळून काम करताना जे ॲप वापरतात, तेच आपण घरासाठी घेऊ. मला ते प्रथमदर्शनीच आवडले, हे कबूल करतो. मोबाईलच्या पडद्यावर एक फळा. त्यावर कामांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर दिवस आणि करणाराचे नाव. पुण्यास कोणी विम्याचा हप्ता भरून चौकोनात खूण केली की ती केजला दिसावयाची. वेळ जवळ आली की घंटा वाजे. ‘हे झाले का, ते झाले का’ असे विचारणारे निम्मे दूरध्वनी बंद झाले. त्या ॲपचे नाव येथे देत नाही. त्यात दोष होते. पण तसे दोष त्याच्या भावंडांतही असावेत.

पहिला दोष सौभाग्यवतींच्या ध्यानात आला. एका चिठ्ठीवर नाव एकाचेच घालता येई. वहिनींना सकाळचे औषध कधी ती देते, कधी मी देतो. नाव कोणाचे घालावे? पुढे मला कळले की या जातीच्या काही ॲपांत ही उणीव नसून धोरण आहे. फेसबुक सोडून आलेल्या दोघांनी २००८ साली काढलेल्या ‘आसना’चा तर हा बाणाच आहे की, एका कामास उत्तरदायी मनुष्य एकच असावा. नाव आपल्या योगशास्त्रातील आसनावरून घेतलेले, तेव्हा स्थैर्यावर भर असणारच! कचेरीत ते योग्यही असेल. दोघांचे काम ते कोणाचेच नव्हे, हे मी शाळेत तीस वर्षे पाहिले आहे. पण घरात दोघांची कामे असतात, आणि ती होतातही.

दुसरा दोष मात्र खोल होता. ठरावीक काळाने परत येणारे काम त्यात लावता येई. रोज, दर आठवड्यास, दर महिन्यास, दर वर्षास. मात्र ते सर्व तारखेने. तिथी त्यास ठाऊक नव्हती. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून आपली तिथी इंग्रजी वर्षात दर साली सुमारे ११ दिवस मागे सरते, आणि अधिक मास आला की एकदम १९ दिवस पुढे उडी घेते, हे वाचकांपैकी शाळकरी मुलासही माहीत असेल. आमच्या फळ्यास ते माहीत नव्हते.

थोरल्या पुतण्याने २०२१ च्या आरंभी त्या कंपनीस पत्र लिहिले. त्याचा स्वतःचा व्यवसाय सॉफ्टवेअरचाच, त्यामुळे पत्र नेटके होते. तिथीने पुनरावृत्ती हवी. ते अवघड असल्यास पुढील पाच वर्षांच्या तारखा हाताने एकाच चिठ्ठीवर लिहू द्याव्यात. आणि वर्षाने येणाऱ्या चिठ्ठीवर खूण झाली की ती न विचारता पुढील वर्षात जाते, तसे न करता ‘खरोखरच झाले का’ असे एकदा विचारावे. उत्तर चार दिवसांत आले. सूचना अत्यंत मोलाच्या आहेत, त्या विचाराधीन यादीत घेतल्या आहेत, इतरांचीही मते पडल्यास काम लवकर होईल. ‘विचाराधीन’ हा शब्द मी नोकरीत वरिष्ठ कार्यालयांच्या पत्रांत इतक्या वेळा वाचला आहे की, त्याचा अर्थ पुतण्यास तेव्हाच सांगावयास हवा होता. तो तरुण, त्याने विश्वास ठेवला.

त्यानंतर ॲपमध्ये सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. निळ्या पट्ट्या जांभळ्या झाल्या. डावीकडील बटणे उजवीकडे गेली, आणि माझा पंधरवडा ती शोधण्यात गेला. पुढे आमच्या कामांचे सार आपणहून लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. तिने एकदा पीकविमा, पालखीची वर्गणी आणि वहिनींची रक्ततपासणी यांचे मिळून एक सुरेख परिच्छेदात निवेदन केले, ते कोणासाठी ते कळले नाही. शिवाय मोठे काम पुरे केल्याची खूण होताच पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडू लागले. २०२२ साली नोव्हेंबरच्या १३ तारखेस पुण्याहून येऊन थोरल्याने दादांचे श्राद्ध केले, पाने वाढली, ब्राह्मण उठले, आणि अमेरिकेतील धाकट्याने रात्री त्या चिठ्ठीवर खूण केली. तेव्हाही ते तुकडे उडाले. त्याने मला लाजून सांगितले. आम्ही दोघे हसलो. त्याच वेळी त्याने ती चिठ्ठी दर वर्षाची म्हणून लावून ठेवली, ‘तिथीची सोय होईपर्यंत तात्पुरती’.

त्याच सुमारास आम्ही घर रंगविले. माळ्यावर जे सामान गेले त्यात ती लाल वहीही गेली. वहिनींनी एकदा विचारले, तेव्हा मीच म्हणालो, ‘वहिनी, आता सारे यंत्रात आहे, तुम्ही लक्षात ठेवण्याची यातायात कशाला करता?’ हे वाक्य मला आज पाठ आहे.

२०२३ साली अधिक श्रावण होता. आश्विनाची दिवाळी त्यामुळे नोव्हेंबरात आली. लक्ष्मीपूजन १२ तारखेस झाले. १३ तारखेस, सोमवारी, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या त्या रिकाम्या दिवशी, सकाळी दारात रांगोळी, स्वयंपाकघरात अनारसे, आणि घरातील प्रत्येकाच्या मोबाईलवर एकाच वेळी घंटा वाजून अक्षरे उमटली की, आज दादांचे श्राद्ध! लेकरे घाबरली. धाकट्याने तिकडे ती चिठ्ठी घाईने मिटविण्यासाठी खूण केली, योग्य दिवस मागाहून घालू असे मनात धरले, आणि दिवाळीच्या गडबडीत विसरला. ॲपने कोणास न विचारता ती चिठ्ठी १३ नोव्हेंबर २०२४ वर नेऊन ठेवली. कागदाचे तुकडेही उडाले असतील.

कार्तिक वद्य पंचमी त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी होती. दोष यंत्राचा म्हणून मी सुटू पाहत नाही. त्याच आठवड्यात गुरुवारी संकष्टी होती. मी उपवास केला, गच्चीवर जाऊन चंद्र पाहिला, अर्घ्य दिले. चतुर्थीनंतर पंचमी येते हे शिकविण्यासाठी मला कोणत्या ॲपची गरज होती? पंचांग खुंटीला होते. शनिवारी मी सकाळी मंडईत जाऊन मेथी आणली. जेवावयास बसलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, मला आज भूक नाही. दुपारी त्यांनी चहाही घेतला नाही. तिन्हीसांजेस देवापाशी दिवा लावून त्या ओसरीवर आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, ‘भाऊजी, आज पंचमी होती ना?’

मी काय बोलणार? त्याच पुढे म्हणाल्या, ‘सकाळपासून वाटत होते, तो पुण्याहून येईल. मग वाटले, यंत्रात काही निराळे निघाले असेल. तुम्ही म्हणाला होतात ना, लक्षात ठेवायला नको म्हणून.’ स्वरात रागाचा लवलेश नव्हता. असता तर बरे झाले असते.

थोरला रात्रीच गाडी काढून निघाला. गुरुजींनी येत्या अमावास्येचा मार्ग सांगितला, त्याप्रमाणे सर्व यथासांग झाले. पण घडले ते घडले. त्या मुक्कामात मी पुतण्यास विचारले की, तुम्ही लोक इतके हुशार, मग एवढी लहानशी सुधारणा तीन तीन वर्षे का होत नाही? त्याने जे सांगितले ते वाचकांसाठी माझ्या शब्दांत देतो, कारण त्यात बरेच तथ्य आहे.

तो म्हणाला, काका, पहिली गोष्ट अशी की, आपण फुकटचे गिऱ्हाईक. शेकडो माणसांसाठी पैसे मोजणारी कंपनी जे मागेल ते आधी होते. दुसरी, हात वाढविल्याने काम लवकर होते असे या धंद्यात नाही. आयबीएम कंपनीत एका प्रचंड प्रकल्पावर काम केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली ग्रंथच लिहिला की, रखडलेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसे घातली तर ते अधिकच रखडते. नव्यांस शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. तिसरी, जी ॲपे साधी व लोकप्रिय असतात ती मोठ्या कंपन्या विकत घेतात, आणि मग सारी शक्ती जुने घर नव्या वाड्यात हलविण्यात खर्च होते. बर्लिनच्या एका लहान मंडळीने काढलेली ‘वुंडरलिस्ट’ नावाची कामांची यादी घराघरांत गेली होती. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने ती घेतली, २०१७ मध्ये तिच्या जागी आपले ‘टू डू’ आणले, आणि मे २०२० मध्ये वुंडरलिस्ट बंद केली. मधल्या काळात, २०१९ साली, तिच्या मूळ संस्थापकाने ती परत विकत घेण्याची तयारी जाहीरपणे दाखविली होती. ते झाले नाही. सुधारणेची वाट पाहणारांस शेवटी सामान आवरावे लागले.

मी म्हटले, वाट पाहण्याचे आम्हां बीडकरांस कोणी शिकवू नये. नगर-बीड-परळी रेल्वेस मंजुरी १९९५ साली मिळाली आणि बीडला गाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. (हे उत्तर मी मागाहून, गाडी आल्यावर, त्यास दूरध्वनीवर पुरे करून सांगितले. त्या रात्री गाडी आलेली नव्हती.) पण तिथीचे काय? जगात चांद्र महिने मोजणारे आपण एकटे का आहोत?

तेव्हा त्याने एक गंमत सांगितली. दिनदर्शिकेतील नोंदी एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कशा जाव्यात, याचे नियम ठरविणारे मंडळ आहे. त्याने १९९८ साली पहिला नियम केला, २००९ मध्ये तो सुधारला, आणि मे २०१५ मध्ये, ७५२९ क्रमांकाच्या पत्रकाने, ग्रेगोरियन सोडून अन्य कालगणनांनी परत येणारे दिवस कसे लिहावेत हेही ठरवून दिले. म्हणजे पद्धत उपलब्ध आहे. ज्यू लोकांची गणना, चिनी चांद्रगणना, इथिओपियाची गणना, या सर्वांस त्या व्यवस्थेत जागा आहे. ‘भारतीय’ म्हणूनही एक गणना आहे. ‘मग अडले कोठे?’ मी विचारले. तो म्हणाला, ती भारतीय म्हणजे सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिका. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीने सुचविलेली व २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, चालू झालेली. तिचे महिने सौर. चैत्र, वैशाख ही नावे आपली, पण त्यांच्या तारखांत शुद्ध-वद्य नाही. जगाच्या संगणकांनी आपल्या शासनाने दिलेली गणना नम्रपणे स्वीकारली, आणि आपण घरात जी पाळतो ती बाहेर राहिली.

मला राग आला, परंतु कोणावर काढावा हे कळेना. त्यावर पुतण्या म्हणाला, ‘समजा काका, ती कंपनी उद्या तयार झाली, तर तिला कोणते पंचांग देऊ? दाते, की टिळक?’

वाचकहो, येथे मी निरुत्तर झालो. केरोनाना छत्र्यांनी ग्रहगणित आकाशाशी जुळवून घेऊन नवे पंचांग काढविले ते १८६५ साली, तेच पटवर्धनी पंचांग. लोकमान्यांच्या खटपटीने १९०४ साली मुंबईस ज्योतिष परिषद भरली. इतका काळ लोटला, तरी सोलापूरचे दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांत क्वचित अधिक मासही वेगळा पडतो, आणि एकाच गावात दोन दसरे होतात. आमचे कार्तिक वद्य ते उत्तरेकडील लोकांचे मार्गशीर्ष कृष्ण. शिवाय तिथी म्हणजे चंद्रसूर्यांतील १२ अंशांचे अंतर. ती कधी सुमारे २० तासांत सरते, कधी जवळजवळ २७ तास लागतात. ती दोन दिवसांत विभागली तर कोणता दिवस घ्यावा? गणेशचतुर्थीस मध्याह्न पाहावा, संकष्टीस चंद्रोदय, वार्षिक श्राद्धास अपराह्ण, म्हणजे दिवसाच्या पाच भागांतील चौथा. हे ठरविण्यासाठी मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरांस १६१२ साली निर्णयसिंधु रचावा लागला आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्र्यांस १७९० साली धर्मसिंधु. ज्या प्रश्नास आपल्याकडे दोन सिंधू लागले, तो परक्या देशातील चार तरुणांनी एका वर्षात सोडवावा, अशी अपेक्षा धरण्यात आमचीही काही चूक होती.

परंतु एवढे मान्य करूनही माझी तक्रार शिल्लक राहते. तिथीचे गणित कठीण, ठीक. आम्ही त्याच पत्रात दुसरे जे मागितले होते ते कठीण नव्हते. पाच तारखा हाताने लिहू द्या, आणि खूण केल्यावर एकदा विचारा. पुतण्या हातावर हात मारून सांगतो की, हे काम थोड्या आठवड्यांचे आहे. ते झाले असते तर धाकट्याच्या त्या घाईच्या खुणेवर एक प्रश्न आला असता, ‘झाले का?’, आणि तो थबकला असता. ते नाकारले असते, तरीसुद्धा आमची हरकत नव्हती. ‘हे आम्ही करणार नाही’ असे चार शब्द २०२१ साली आले असते तर लाल वही माळ्यावर गेलीच नसती. सुधारणा उशिरा होते याचे दुःख मला फारसे नाही. ती होणार आहे असे भासवून माणसाकडून त्याचे जुने साधन खाली ठेवविले जाते, याचे आहे. तोवर मधली वर्षे कोणी तरी आपल्या डोक्यात सांभाळीत असते, आणि आपल्या घरांत ते डोके बहुधा बायकांचे असते. त्या दिवशीही पंचमी एकट्या वहिनींच्याच ध्यानात होती.

ॲप आम्ही टाकलेले नाही. वीजबिल आणि पीकविमा त्यात उत्तम चालतात, आणि माझ्या लातूरच्या बंधूंचा विसरभोळेपणा त्याने निम्म्यावर आणला आहे. मात्र २०२४ पासून दर पाडव्यास गुढी उभारून पंचांगपूजन झाले की थोरला पुतण्या संगणक मांडीवर घेऊन वहिनींसमोर बसतो. माळ्यावरून खाली आलेली लाल वही त्यांच्या हातात असते, नवे पंचांग माझ्या. वहिनी तिथी वाचतात, मी तीवरून तारीख सांगतो, तो प्रत्येक कामाची निराळी चिठ्ठी करतो, एका वर्षापुरती. शके १९४८ मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, तेव्हा त्या सालच्या त्यानंतरच्या तारखा पुढे सरकणार हे वहिनींनी मी सांगण्यापूर्वीच वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते. काम तासाभराचे असते. श्रीखंड त्यामुळे थोडे उशिरा होते.

गेल्या खेपेस चिठ्ठ्या संपल्यावर वहिनींनी खोडरबराने वहीतील रेघा पुसल्या, वही मिटली, आणि त्यास विचारले, ‘काय रे, तुझ्या त्या कंपनीचे काही उत्तर आले का?’

‘नाही, आई,’ तो म्हणाला. ‘अजून विचाराधीन आहे.’